शुखा रस्त्यावरच्या दोन पाट्या

शनिवार, व्रोत्सवाफ

लेकीकडे येऊन तीन आठवडे झाले होते. नातवाला शाळेत सोडणं, भाजी आणणं आणि खिडकीतून ट्राम बघणं एवढंच चाललं होतं. त्या दिवशी पाऊस लागला म्हणून आम्ही दोघी रिनेक चौकातल्या एका संग्रहालयात शिरलो. पोलिश भाषेतलं महाकाव्य ‘पान तादेउश’, त्याचं कवी मित्स्क्येविचच्या हातचं हस्तलिखित तिथे ठेवलं आहे. खरं सांगायचं तर मला काव्यापेक्षा कोरड्या जागेची गरज होती.

हस्तलिखित बघून वर गेलो तर दोन माणसांच्या नावाची दालनं होती. एक यान नोव्हाक-येझ्योरान्स्की. युद्धात जिवावर उदार होऊन वॉर्साहून लंडनला निरोप पोचवणारा, आणि पुढे म्युनिकला बसून रेडिओवरून पोलंडला बातम्या ऐकवणारा. दुसरा व्वादिस्वाफ बार्तोशेव्स्की. दोघांनीही आपापली कागदपत्रं आणि संग्रह या शहराला देऊन टाकले. मी फोटो बघत पुढे सरकत होते. पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांतला, केस भादरलेला पोरगा. मग चष्मेवाला, मोठ्या कपाळाचा म्हातारा, आजूबाजूला सूटबूटवाले. दोन्हीकडे नाव एकच, बार्तोशेव्स्की.

“आई, हा ऑश्विट्झ छळछावणीचा कैदी क्रमांक ४४२७,” लेक वाचून सांगत होती. “मग भूमिगत सैन्यात सैनिक. मग कम्युनिस्टांच्या तुरुंगात सहा वर्षांहून जास्त, दोन हप्त्यांत. मग पत्रकार, इतिहासकार. मग राजदूत. मग परराष्ट्रमंत्री. तोही दोनदा.”

“पहिल्यांदा कितव्या वर्षी?”

तिने बोटावर मोजलं. जन्म १९२२, मंत्री १९९५. त्र्याहत्तर.

मी अठ्ठावन्नाव्या वर्षी बँकेतून निवृत्त झाले तेव्हा माझ्या निरोप समारंभात ‘आता विश्रांती घ्या’ असं पाच जणांनी सांगितलं होतं.

भिंतीवर त्याचं एक वाक्य होतं, ते पोलंडमध्ये पोराटोरांना पाठ असतं म्हणे: ‘वार्तो बिच पशिझ्वोइतिम.’ ‘पशिझ्वोइती’ असण्यात अर्थ आहे. या शब्दाला मराठीत काय म्हणायचं यावर आमची घरी जाईपर्यंत चर्चा चालली. सभ्य? सभ्य म्हटलं की चमच्याने भात खाणारा डोळ्यांसमोर येतो. सज्जन? त्यात हारतुरे आले. भला? जवळ जातं, पण भला माणूस आपल्याकडे जरा बावळटही असतो. हा तर काही बावळट दिसत नव्हता.

रात्री जेवताना लेकच म्हणाली, “जाऊ या का याच्या मागे? मला पाच दिवस रजा आहे.” जावयाने मुलाकडे बघायची जबाबदारी घेतली. आम्ही निघालो.

सोमवार, क्राकूफ

आगगाडीचे तीन तास आणि वर थोडे. दोन्ही बाजूंना मक्याची कापून झालेली शेतं. या दिवसाबद्दल लिहिण्यासारखं एवढंच, की संध्याकाळी ‘बार म्लेच्नी’मध्ये जेवलो. शब्दशः दुधाचं दुकान, पण खरं तर कम्युनिस्ट काळापासून चालत आलेली स्वस्त खाणावळ. मी शाकाहारी, त्यामुळे बटाटा आणि पनीरसारख्या चीजचं सारण भरलेले पिएरोगी घेतले. उकडलेल्या तिखट करंज्या समजा. वर परतलेला कांदा. लसणीची चटणी सोबत आणली नाही याची हळहळ वाटली.

मंगळवार, ओश्व्येंचिम

जर्मनांनी ज्याला ऑश्विट्झ केलं, त्या गावाचं नाव ओश्व्येंचिम. क्राकूफहून बसने दीड तास. प्रवेशाला पैसे नाहीत, पण नावानिशी वेळ आधी राखून ठेवावी लागते. आणि पिशवी लहान लागते. माझी पर्स त्यांच्या मापात बसेना. कोल्हापूरहून घेतलेली, तीन कप्प्यांची. ती ठेवायला परत मागे गेले, रांग चुकली, गाइड पुढे निघून गेला. लेक चिडली. त्या जागी आम्ही मायलेकी पर्सवरून भांडत होतो हे नंतर आठवून दोघींनाही कसंतरी झालं.

आपण ऑश्विट्झ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर गॅस चेंबर आणि आगगाडीचे रूळ येतात. ते बिर्केनाऊ, तीन किलोमीटर पलीकडचं. त्याचं बांधकाम १९४१ च्या शरदात सुरू झालं. बार्तोशेव्स्की इथे आला तेव्हा छावणी तीन महिन्यांची होती. पोलिश लष्कराच्या जुन्या विटांच्या बराकी, भोवती काटेरी तारा, आणि आत बहुतेक करून पोलिश माणसं: शिक्षक, विद्यार्थी, पाद्री, अधिकारी. पहिली गाडी १४ जून १९४० ला तारनूफहून आली, त्यात ७२८ जण होते. म्हणजे जगात सर्वांत कुप्रसिद्ध झालेली ही जागा सुरुवातीला, पोलंडचं डोकं ठेचण्यासाठी उघडलेला तुरुंग होती. ज्यूंना मारण्याचा कारखाना ती पुढे झाली. इथे मारल्या गेलेल्या सुमारे अकरा लाखांपैकी बहुसंख्य ज्यू होते. गाइडने हे दोन काळ वेगळे करून सांगितले, तेव्हा माझ्या मनातली बरीच सरमिसळ सुटली.

१९ सप्टेंबर १९४० ला वॉर्सात मोठी धरपकड झाली. रस्ते बंद केले, घराघरांतून पुरुष ओढून काढले. पोलिशमध्ये त्याला ‘वापान्का’ म्हणतात, धरण्याचा खेळ असावा तसा शब्द. बार्तोशेव्स्की अठरा वर्षांचा होता, रेड क्रॉसच्या दवाखान्यात काम करत होता. २१-२२ सप्टेंबरच्या रात्री सतराशेवर माणसं इथे उतरवली गेली. त्याला मिळाला ४४२७. त्याच गाडीत ४८५९ क्रमांकाचा एक माणूस होता, तोमाश सेराफिन्स्की नावाचा. हे नाव खोटं होतं. तो घोडदळातला अधिकारी व्हितोल्ड पिलेत्स्की, आणि तो पकडला गेला नव्हता, मुद्दाम पकडू दिला होता. आत काय चाललं आहे ते बाहेर कळवायला आणि आतल्या आत संघटना बांधायला. एकाच रात्रीत, एकाच डब्यांच्या माळेत, एक जण ठरवून आणि एक जण नकळत. या जोडीने पुढचे तीन दिवस माझा पिच्छा पुरवला.

सहाव्या बराकीच्या बोळात कैद्यांचे फोटो लावलेत. खाली नाव, धंदा, आल्याची तारीख, मेल्याची तारीख. मी सवयीने वजाबाकी करत गेले. चौतीस वर्षं बँकेत व्याजाचे दिवस मोजलेत. इथे दोन तारखांमधलं अंतर काही ठिकाणी सहा आठवडे, काही ठिकाणी अडीच महिने. एका फोटोच्या चौकटीत कोणीतरी ताजं फूल खोचलं होतं.

बार्तोशेव्स्कीच्या बाबतीत दुसरी तारीख म्हणजे ८ एप्रिल १९४१, सुटकेची. पोलिश रेड क्रॉसने खटपट केली आणि आजारी, खंगलेला हा पोरगा बाहेर पडला. जवळजवळ दोनशे दिवस. सुटका होत असे, हेच मला माहीत नव्हतं. त्या पहिल्या काळात थोड्यांची होत असे, आणि सोडताना तोंड बंद ठेवण्याची ताकीद असे. याने वॉर्साला परतून, अंथरुणावर असतानाच, भूमिगत संघटनेला आत काय पाहिलं ते सगळं सांगितलं.

पुढे याच संग्रहालयाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचा तो कित्येक वर्षं अध्यक्ष होता. २००५ च्या जानेवारीत, छावणी मुक्त झाल्याला साठ वर्षं झाली तेव्हा, देशोदेशींचे राष्ट्रप्रमुख बर्फात बसले होते आणि जुन्या कैद्यांच्या वतीने तो बोलायला उभा राहिला.

परतीच्या बसमध्ये कोणी बोललं नाही. मी पर्स मांडीवर घेऊन बसले होते.

बुधवार, वॉर्सा: झोलिबोश आणि मुरानूफ

सकाळच्या गाडीने अडीच तासांत वॉर्सा. पिशव्या लॉजवर टाकल्या आणि मेट्रोने प्लात्स व्हिल्सोना. झोलिबोश हे नाव फ्रेंच ‘जोली बोर’चं पोलिश रूप आहे, म्हणजे सुंदर किनारा. विस्तुला नदीच्या काठावर, १९२०-३० च्या दशकांत सरकारी नोकर आणि लष्करी अधिकाऱ्यांसाठी वसवलेला हा भाग. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या सोसायटीसारखा: बुटकी घरं, कुंपणाला वेल, झाडांचे तंबू. ऑक्टोबर लागला होता, चेस्टनटची फळं रस्त्यावर टपटपत होती आणि शाळकरी पोरं खिसे भरत होती.

बार्तोशेव्स्कीचे वडील पोलिश मध्यवर्ती बँकेत नोकरीला होते. (हे कळल्यावर मला उगाच तो आमच्यातला वाटायला लागला.) मित्स्क्येविच रस्त्यावरून चाललो. १९ सप्टेंबरला याच भागातून माणसं गोळा केली. तिथून वॉयस्का पोल्स्क्येगो रस्ता, जिथल्या एका घरात पिलेत्स्की धरपकडीची वाट बघत थांबला होता. आता तिथे त्याचं स्मारक आहे. दोन्ही रस्ते पायी दहा मिनिटांत होतात. एक बाई कुत्रा फिरवत होती, तिने आमच्याकडे जरा निरखून पाहिलं. साडीवर जाडजूड कोट, डोक्याला मफलर. पाहणारच.

दुपारी मुरानूफ. युद्धापूर्वी इथे ज्यूंची दाट वस्ती होती, जर्मनांनी भिंत घालून तिचा घेट्टो केला, १९४३ च्या ज्यूंच्या उठावानंतर घरन् घर जमीनदोस्त केलं. युद्धानंतर इतका राडारोडा होता की तो हलवण्याऐवजी त्याच्यावरच नवी घरं बांधली, त्याचाच चुरा करून केलेल्या विटांनी. म्हणून इथल्या इमारती रस्त्यापेक्षा उंच आहेत, दारापर्यंत पायऱ्या चढाव्या लागतात. हिरवळीच्या उतारावर बाबागाड्या उभ्या होत्या. खाली काय आहे हे एकदा कळलं की तो उतार साधा उतार राहत नाही.

घेट्टोच्या वीरांचं स्मारक आणि ज्यूंच्या इतिहासाचं पोलिन संग्रहालय समोरासमोर आहेत. त्यांच्या जवळच एक लहानसं स्मारक आहे, ते बघायला मी आले होते: ‘झेगोता’चं. १९४२ च्या सप्टेंबरात झोफिया कोस्साक आणि वांडा क्राहेल्स्का या दोन बायकांनी पुढाकार घेऊन ज्यूंना मदत करणारी गुप्त समिती उभी केली. डिसेंबरात तिची रीतसर परिषद झाली. खोटी कागदपत्रं बनवायची, लपायला घरं शोधायची, पैसे पोचवायचे, मुलांना मठांत आणि कुटुंबांत ठेवायचं. व्याप्त पोलंडमध्ये ज्यूला आसरा देणाऱ्याला मृत्युदंड होता, आणि तो बऱ्याचदा सबंध घराला मिळे. बार्तोशेव्स्की त्या पहिल्या समितीपासून होता. भूमिगत सैन्यात, म्हणजे ‘आर्मिया क्रायोवा’त, त्याचं टोपणनाव तेओफिल आणि झेगोतामध्ये लुडविक. वय वीस. ऑश्विट्झहून सुटून दीड वर्षही झालं नव्हतं. एकदा तिथे जाऊन आलेला माणूस पुन्हा तिथेच नेणारं काम अंगावर घेतो, याचा मला अजून नीट उलगडा झालेला नाही.

इस्रायलने १९६५ साली त्याला ‘राष्ट्रांमधला सत्पुरुष’ हा किताब दिला. १९९१ मध्ये मानद नागरिकत्व.

आणि मग माझी स्वतःची जागा. मुरानूफहून क्राशिन्स्की बागेकडे चालत गेलं की इटलीतल्या मोन्ते कास्सिनोच्या लढाईचं स्मारक लागतं, आणि त्याच्याजवळ, वॉर्साच्या मधोमध, कोल्हापूरचं. १९४३ ते १९४८ आमच्या वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. रशियनांनी त्यांना पूर्व पोलंडमधून उचलून सैबेरियात टाकलं होतं, तिथून इराणमार्गे ती पंचगंगेकाठी पोचली. माझे आजोबा सांगायचे, या गोऱ्या बायका कोल्हापूरच्या मंडईत येऊन घासाघीस करायला शिकल्या. पुढे फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले आणि त्या जागेचं गांधीनगर झालं. आज तिथे कापड घ्यायला जाणाऱ्या कितींना हे माहीत असतं कोण जाणे. कोल्हापुरात महावीर गार्डनमध्ये पोलिश लोकांनी उभारलेला स्तंभ आहे, त्याच्याजवळ मी हजारदा भेळ खाल्ली असेल.

हे इथे लिहायचं कारण वेगळं आहे. वळिवड्याच्या छावणीचा खर्च लंडनमधलं निर्वासित पोलिश सरकार सोसत होतं. बार्तोशेव्स्की ज्या भूमिगत सैन्यात होता, ते त्याच सरकारचा हुकूम मानत होतं. म्हणजे मंडईत वांग्यांचा भाव करणारी ती बाई आणि वॉर्सात खोटी ओळखपत्रं वाटणारा हा पोरगा एकाच सरकारची माणसं. १९४५ च्या जुलैत ब्रिटनने त्या सरकारची मान्यता काढून घेतली. बाई वळिवड्यात अडकली. पोरगा कुठे अडकला ते उद्या.

लेकीने माझा फोटो काढला. मी हसले नाही असं ती म्हणते. मला वाटतं मी हसले होते.

गुरुवार, वॉर्सा: शुखा आणि राकोव्येत्स्का

या दिवसासाठीच प्रवासाचं नाव ‘दोन पाट्या’ ठेवलं आहे.

अलेया शुखा हा रुंद, झाडांचा, सरकारी रस्ता. पंचवीस क्रमांकाच्या भव्य दगडी इमारतीत आज शिक्षण मंत्रालय आहे. युद्धात इथे गेस्टापोचं, म्हणजे जर्मन गुप्त पोलिसांचं, मुख्यालय होतं. पाव्याक तुरुंगातून कैदी बंद गाडीने चौकशीसाठी इथे आणत. तळघर जसंच्या तसं ठेवलं आहे. एका बोळात चार खोल्या, प्रत्येकीत एकामागे एक लाकडी बाकं, सगळी एकाच दिशेने तोंड करून. कैदी त्यांना ‘ट्रामवाये’ म्हणत, ट्रामगाड्या. एकामागे एक बसायचं, वळायचं नाही, बोलायचं नाही, नाव पुकारण्याची वाट बघायची. तासन्तास. मी रोज खिडकीतून ट्राम बघणारी बाई, मला त्या शब्दाने जो धक्का दिला तो चौकशीच्या खोलीतल्या आसूडांनी दिला नाही.

भिंतींवर खिळ्याने, नखाने कोरलेली अक्षरं आहेत. एकाचा अर्थ लेकीने सांगितला: पोलंडबद्दल बोलणं सोपं, तिच्यासाठी काम करणं अवघड, मरणं त्याहून अवघड, आणि सोसणं सर्वांत अवघड.

वर आलो. बाहेर ऊन पडलं होतं. शेजारच्या फाटकावर पाटी: अलेया शुखा २३, परराष्ट्र मंत्रालय.

मी दोनदा वाचली. मग नकाशात बघितलं. मग लेकीला विचारलं, तिने मान हलवली. ऑश्विट्झचा कैदी ४४२७ मंत्री होऊन रोज सकाळी ज्या दारातून आत जात असे, त्याच्या शेजारच्या घरात गेस्टापो होती. मधे फक्त भिंत. या बाबतीत त्याने काही म्हटलंय का ते मला माहीत नाही. त्या गावातल्या माणसांना त्याचं विशेष वाटत नसावं, कारण वॉर्सात अशी भिंत सगळीकडेच आहे. मी मात्र फाटकासमोर इतका वेळ उभी राहिले की पहारेकऱ्याने हाताने ‘पुढे व्हा’ अशी खूण केली.

१९९५ च्या मार्चमध्ये तो या इमारतीत आला आणि २८ एप्रिलला जर्मनीच्या संसदेपुढे, दोन्ही सभागृहांच्या एकत्र बैठकीत, युद्ध संपल्याला पन्नास वर्षं झाल्याबद्दल बोलला. त्याआधीच्या पन्नास वर्षांत या दोन देशांमध्ये काय होतं ते लक्षात घ्या. आणि या माणसाने तिथे पोलंडच्या जखमांबरोबर, युद्धानंतर घरदार गमावलेल्या निरपराध जर्मनांच्या दुःखाचाही उल्लेख केला. मायदेशात सगळ्यांना ते रुचलं नाही. माझी लेक जिथे राहते ते व्रोत्सवाफ १९४५ पर्यंत ब्रेस्लाऊ होतं, तिथले जर्मन हाकलले गेले आणि त्यांच्या घरांत पूर्वेकडच्या ल्वूफ शहरातून हाकललेले पोलिश आले. तिच्या इमारतीच्या जिन्यावर अजून एका जागी जर्मन अक्षरं पुसट दिसतात. मी रोज तो जिना चढते. या भाषणाचं वजन मला तिथे कळलं असतं, पण कळायला शुखापर्यंत यावं लागलं.

शुखाच्या खालच्या टोकाला चौक ओलांडून राकोव्येत्स्का रस्त्यावर सदतीस क्रमांकापर्यंत पायी वीस-पंचवीस मिनिटं. मोकोतूफचा तुरुंग. आता तिथे राजकीय कैद्यांचं संग्रहालय आहे.

युद्ध संपलं. जर्मनांविरुद्धच्या वॉर्साच्या उठावात, १९४४ च्या त्या त्रेसष्ट दिवसांत, बार्तोशेव्स्की एका रेडिओ केंद्रावर आणि बातमीपत्राच्या संपादनावर होता. शरणागतीच्या आदल्या दिवशी त्याला सेकंड लेफ्टनंट केलं. त्याची लष्करी कारकीर्द एवढीच, बंदूक फारशी न चालवलेली. बातमी पोचवणं हेच त्याचं शस्त्र, आधीही आणि नंतरही. नवं सरकार आलं ते मॉस्कोच्या मर्जीतलं, आणि भूमिगत सैन्यात असणं हाच गुन्हा ठरला. १९४६ च्या नोव्हेंबरात हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली त्याला धरलं आणि पुढच्या महिन्यात या तुरुंगात आणलं. दीड वर्षाने, १० एप्रिल १९४८ ला, तो सुटला. झेगोतामधल्या जुन्या सहकारी झोफिया रुदनित्स्का तेव्हा न्याय मंत्रालयात होत्या, त्यांनी खटपट केली.

आता पिलेत्स्की. तो १९४३ मध्ये ऑश्विट्झमधून पळाला, उठावात लढला, युद्धानंतर इटलीहून परत आला, १९४७ च्या मे महिन्यात पकडला गेला. त्यालाही इथेच ठेवलं. २५ मे १९४८ ला याच आवारात डोक्यात गोळी घालून मारलं.

म्हणजे १९४० मध्ये एका गाडीतून ऑश्विट्झला गेलेले दोघे, आठ वर्षांनी एकाच तुरुंगात, या वेळी स्वतःच्या देशातल्या माणसांचे कैदी. एक दारातून बाहेर पडला. दुसरा सहा आठवड्यांनी संपला. दोघांची तिथे गाठ पडली का ते ठाऊक नाही. मी पुन्हा वजाबाकी केली, पंचेचाळीस दिवस.

बार्तोशेव्स्कीला १९४९ च्या डिसेंबरात परत धरलं, १९५२ मध्ये आठ वर्षांची शिक्षा ठोठावली, १९५४ च्या ऑगस्टमध्ये तब्येत ढासळली म्हणून सोडलं आणि १९५५ च्या मार्चमध्ये कळवलं की शिक्षा चुकून झाली होती. चुकून. या सगळ्यात पोलिश साहित्याची पदवी राहून गेली ती कायमचीच. पुढे तो लुब्लिनच्या कॅथलिक विद्यापीठात आणि जर्मनीतल्या विद्यापीठांत शिकवू लागला, सगळे त्याला ‘पान प्रोफेसोर’, म्हणजे प्रोफेसरसाहेब, म्हणत, आणि विरोधक दर निवडणुकीला ओरडत की अहो, याच्याकडे साधी पदवीसुद्धा नाही! मला वाटतं, सहा वर्षांहून जास्त तुरुंगात घातलेल्या माणसाला पदवीचा दाखला मागण्यात एक खास सरकारी विनोद आहे.

१९८१ मध्ये लष्करी कायदा पुकारला तेव्हा त्याला पुन्हा उचललं. या वेळी साडेचार महिने. तोवर तो साठीला आला होता आणि, म्हणतात, स्थानबद्ध असलेल्यांना व्याख्यानं देत होता.

शुक्रवार, वॉर्सा: पोव्हॉन्स्की

शेवटचा दिवस. पोव्हॉन्स्कीच्या लष्करी स्मशानभूमीच्या फाटकाशी बायका फुलं आणि ‘झ्निच’ विकत बसतात. झ्निच म्हणजे काचेच्या भांड्यातली, झाकण असलेली मेणबत्ती. वारा-पावसात विझत नाही. लेक एक मागत होती, पण तिच्या पोलिशमुळे की बाईच्या ऐकण्यामुळे, दोन हातात आल्या. एक लाल, एक पांढरी. दोन्हीचे पैसे देऊन टाकले.

ही स्मशानभूमी म्हणजे पोलंडचा शेवटच्या शंभर वर्षांचा हजेरीपट आहे. उठावातल्या पोरांच्या बर्चच्या क्रुसांच्या रांगा, आणि त्याच आवारात ज्यांनी पुढे त्यांच्यातल्या कित्येकांना तुरुंगात घातलं त्या कम्युनिस्ट पुढाऱ्यांचे संगमरवरी चौथरे. मेल्यावरही शेजार सुटत नाही.

मधोमध ‘ग्लोरिया व्हिक्टिस’चं उंच स्मारक. पराभूतांचा गौरव असो. दर १ ऑगस्टला इथे उठावाच्या स्मरणाला गर्दी जमते. २०१२-१३ च्या सुमारास त्या गर्दीतल्या काहींनी बार्तोशेव्स्कीची हुर्यो उडवली. नव्वदीचा म्हातारा, स्वतः उठावात असलेला, आपल्या मित्रांच्या थडग्यांसमोर उभा, आणि मागून हूऽऽ. हे वाचून मी आधी त्या लोकांवर चिडले. पण एक बाजू सांगून भागत नाही. हा माणूस काही गोडबोल्या नव्हता. बोलायचा तोफखान्यासारखा भरभर, आणि जिभेला हाड नाही. त्याच्या विरोधकांचं सरकार असताना त्यांच्या परराष्ट्र खात्याला त्याने ‘दिप्लोमातोव्की’ म्हटलं होतं. राजनयिक आणि मठ्ठ यांची सांगड घालून केलेला शब्द. मराठीत मुत्सद्दी आणि मद्दड जोडून बघा, ‘मुत्मद्दड’. एकदा तर राजकीय विरोधकांना गुरंढोरं म्हणून बसला. तो पंच्याऐंशीव्या वर्षी पुन्हा सरकारात आला, पंतप्रधानांचा जर्मनी आणि ज्यूंसंबंधीचा सल्लागार म्हणून, त्यामुळे एका पक्षाचा झाला. पक्षाचा झाला की शिव्याही पक्षाच्या मिळतात. आपल्याकडच्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

तरीही हूऽऽ करणाऱ्यांची मला शरम वाटली, हेही लिहून ठेवते.

२४ एप्रिल २०१५ ला तो गेला, त्र्याण्णवाव्या वर्षी, कामावर असतानाच. पाचच दिवस आधी तो मुरानूफमध्ये घेट्टोच्या उठावाच्या स्मरणाला उभा होता. थडगं शोधायला आम्हाला अर्धा तास लागला, एका म्हाताऱ्या माळ्याने झाडूने दिशा दाखवली. लाल झ्निच तिथे लावली. आधीच्या तीन जळत होत्या.

तिथे उभी असताना तो शब्द सापडला. तोच तो, ‘पशिझ्वोइती’. त्या वाक्याला एक शेपूटही आहे: तसं वागणं नेहमी परवडतं असं नाही, पण त्यात अर्थ आहे, तसं न वागणं परवडतं, पण त्यात अर्थ नाही. मी लेकीला म्हटलं, “अगं, तू शाळेत निघालीस की मी दारातून काय ओरडायचे?”

“डबा खा.”

“आणि?”

“नीट वाग.”

“हां. नीट.”

तिने तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. नीट वागण्यात अर्थ आहे. मग म्हणाली, चालेल. सभ्यपेक्षा बरं.

पांढरी झ्निच हातात उरली होती. स्मशानभूमीच्या भिंतीकडेला एक भाग आहे, त्याला ‘वाँच्का’ म्हणतात. लहानसं कुरण. १९४८ पासून राकोव्येत्स्कात मारलेल्यांना रात्री आणून इथे पुरलं, खूण न ठेवता. पुढे त्यांच्यावरच दुसरी थडगी झाली. २०१२ पासून उकरून, हाडांच्या तपासण्या करून, एकेकाला नाव मिळत गेलं. पिलेत्स्की इथेच कुठेतरी असावा असं मानतात. तो अजून सापडलेला नाही.

म्हणजे १९४० च्या त्या गाडीतले दोघेही बहुधा याच आवारात आहेत. एकाचा पत्ता माळ्याला ठाऊक आहे.

झ्निच नेमकी कुठे ठेवायची ते कळेना. लेक म्हणाली, भिंतीपाशी ठेव. वारा होता, काडी तीनदा विझली. चौथीला लागली. झाकण लावलं आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघालो.